भिडेखातर लिमाला

माझ्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. लग्न ठरवताना हा दोष मला गुण म्हणून सांगण्यात आला होता. "मुलगा फार भिडस्त आहे हो," असं मध्यस्थ, आमच्या चर्चच्या पाळकीणबाई म्हणाल्या आणि माझी आई हरखून गेली, कारण आमच्या घरात भीड हा प्रकारच नव्हता. माझे बाबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर. दिसेल ते बोलून मोकळे व्हायचे. कुणाचं नवं घर बघायला गेले की "भिंत वाकडी आहे" हे चहा यायच्या आत सांगून टाकायचे. मी त्यांचीच मुलगी. तेव्हा घरात एक तरी मवाळ माणूस यावा, एवढीच आईची इच्छा होती.

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनमध्ये होतो. हे मनामातल्या एका कंपनीत अकाउंटंट. राहायला माहूजला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे मला भिडस्तपणाचा खरा अर्थ कळला. आमच्या हॉलमध्ये व्यायामाची एक सायकल होती, ती निघून चाललेल्या एका फिलिपिनो सहकाऱ्याने ह्यांच्या गळ्यात मारली होती. तिच्यावर कुणी बसलं नाही, पण टॉवेल मात्र छान वाळत. गावी जायची वेळ आली की ओळखीपाळखीचे सगळे पार्सलं घेऊन यायचे, कुणाची दुधाची पावडर, कुणाचा मिक्सर, आणि माझ्या आईसाठी घेतलेली ब्लँकेटं बहरीनमध्येच राहायची.

सगळ्यात कहर म्हणजे कॉफी. ह्यांचे मालक बहरिनी गृहस्थ, स्वभावाने चांगले. ते आठवड्यातून एकदा हिशेब समजून घ्यायला ह्यांना आपल्या खोलीत बसवत आणि तिथे ती कडू, वेलचीची कॉफी यायची, बिनकानाच्या एवढ्याशा कपात. त्याला फिंजान म्हणतात. पुरे झालं की फिंजान मनगटातून जराशी हलवायची, की ओतणारा समजतो. नाही हलवली तर तो ओतत राहतो. ह्यांना हा रिवाज पक्का ठाऊक होता. पण समोर माणूस किटली घेऊन अदबीने वाकलेला असताना फिंजान हलवायची म्हणजे त्याला तोंडावर 'चालता हो' म्हटल्यासारखं, असं ह्यांचं म्हणणं. त्या दिवशी हे घुबडासारखे डोळे करून घरी यायचे आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचे.

"भीड भिकेची बहीण," मी म्हणायचे.

"खरंय तुझं," हे म्हणायचे. मलासुद्धा नाही म्हणता येत नव्हतं ना.

आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिने एका वाक्यात निकाल लावला होता: "पप्पा कान्ट से नो."

इथवर सगळं हसण्यावारी न्यायचं होतं. त्या वर्षी बाबांना काचबिंदू निघाला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही. बाबांना नळीतून बघावं तसं दिसायला लागलं होतं. मी फोन केला तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांचा विषय दोन वाक्यांत संपवला आणि म्हणाले, "उजेड आहे तोवर येऊन जा. तिघंही या. नातीला मी धड पाहिलेलंच नाही."

ह्यांची लांब रजा दोन वर्षांतून एकदा मिळायची आणि ती त्याच उन्हाळ्यात होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघूनच दिवस काढत होते. बाबांना माझा चेहरा दिसला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काहीही नव्हतं.

आणि एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, इंग्रजी उपासना संपल्यावर, मी सामोशांच्या रांगेत उभी असताना, घात झाला.

आमच्या त्या मंडळीतून त्याच उन्हाळ्यात एक गट सुवार्ताकार्यासाठी दक्षिण अमेरिकेत, पेरू देशातल्या लिमा शहरी जायचा होता. (पेरू या फळावरून करता येण्यासारखे सगळे विनोद आमच्या मराठी मंडळीने करून संपवले आहेत, त्यामुळे मी ते इथे करत नाही.) त्यातलं एक जोडपं ऐनवेळी गळलं. पाळकसाहेब केरळचे, उंच, आवाज असा की कुजबुजले तरी कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जायचा. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ब्रदर, रात्री प्रार्थनेत देवाने माझ्या मनात तुमचं नाव घातलं."

आता, माणसाने सुचवलेल्या नावाला ज्याला नाही म्हणता येत नाही, तो देवाने घातलेल्या नावाला काय म्हणणार? मी सामोसे घेऊन पोचले तोवर आमच्या दोघांसाठी टाळ्या वाजत होत्या.

घरी गेल्यावर मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सायकलीवरचे टॉवेलसुद्धा खाली पडले. हे खुर्चीत मान खाली घालून बसले होते. शेवटी म्हणाले, "तू आणि छोटी जा बाबांकडे. मी एकटा जातो लिमाला."

तेही मी विचारलं बाबांना. बाबा म्हणाले, "एकटी आलीस तर गाव म्हणेल, नवऱ्याशी भांडून आली." ते अगदीच खोटं झालं नसतं. मग म्हणाले, "देवाचं काम आहे. त्याला नाही कसं म्हणायचं? जा दोघं. डोळे थांबतात का बघू."

जन्मभर कुणाची भीड न ठेवलेला माणूस देवापुढे भिडस्त निघाला. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले, आणि काम फारसं निघणार नाही याची काळजी घेतली.

मुलीला समोरच्या भाभींकडे ठेवलं. भाभी रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान, त्यांचे यजमान बाब-अल-बहरीनजवळ कापडाच्या दुकानात. आम्ही त्यांना 'सलाम' म्हणायचो आणि त्याही आम्हाला 'सलाम' म्हणायच्या. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती लोकांत सलामच घालतात, हे त्यांना कळलं तेव्हापासून त्या मला जवळजवळ आपल्यातलीच समजत. "तू जा गो बिनघोर," त्या म्हणाल्या. "पोरीला मी बघतंय. पन तुझा घोव असा कसा? सासऱ्याचे डोळे चाललेत आनि ह्यो चाललाय दुनियेच्या टोकाला!"

"सांगा त्यांनाच," मी म्हटलं. हे मागे बॅगा घेऊन उभे होते. "बरोबर आहे तुमचं, भाभी," हे म्हणाले.

विमानं बदलत, पाय सुजवत आम्ही लिमाला पोचलो, आणि बघते तर काय, वाळूच! शहराच्या कडेला नुसत्या वाळूच्या टेकड्या. झाड नाही, झुडूप नाही. चटया आणि विटा लावून उभारलेली घरं, पाणी टँकरचं. डोक्यावर ओल्या गोधडीसारखं आभाळ, पण पावसाचा थेंब नाही. एवढं अर्धं जग ओलांडून वाळूच बघायची होती तर बहरीनमधल्याच सनद गावाच्या पलीकडे शुक्रवारी गाडीने गेलो असतो, असं मी म्हटलं. कामापुरतं बोलायचं ठरवलं असलं तरी हे बोलणं मला कामाचंच वाटलं.

टेकडीवर एक छोटं चर्च होतं. त्याला लागून मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेची खोली बांधायची, दिवसा बांधकाम, संध्याकाळी सभा, असा कार्यक्रम होता. ह्यांनी आयुष्यात पेन्सिलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. तिथे हे विटा वाहू लागले आणि कुणी "अजून दोन ठेवू?" अशी खूण केली की मान हलवू लागले. संध्याकाळी पाठ धरून चालायचे. मी मुलांना कागदाच्या होड्या शिकवत होते. पाणीच नसलेल्या ठिकाणी होड्या! पण त्या पोरांनी त्या वाळूवरून चालवल्या.

पहिल्याच संध्याकाळी आमच्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक आहे हे आम्हाला कळलंही नाही. आमच्या गावी चर्चमध्ये शिरताना चपला बाहेर काढतात. बायका डोक्यावर पदर घेतात. बहरीनच्या इंग्रजी मंडळीत आम्ही ते सोडून दिलं होतं, पण त्या टेकडीवरचं मातीचं अंगण, पत्र्याचं छप्पर, दाराशी बसलेलं कुत्रं बघून आमचे पाय आपोआप गावी गेले. आम्ही दोघांनी दाराबाहेर चपला काढल्या, मी पदर घेतला आणि आत शिरले. बाकीचा आमचा गट बुटांसकट बाकांवर बसला होता.

टेकडीवरच्या बायका माझ्याकडे टक लावून बघत होत्या. अनवाणी पाय, साडी, हिरव्या बांगड्या, गळ्यात काळे मणी. त्या मण्यांत सोन्याचा क्रूस होता, पण तो पदराआड. मला वाटलं, साडी आवडली असेल.

दुसऱ्या दिवसापासून एक म्हातारी, डोक्याला हॅट आणि खांद्यावर लोकरीची शाल, माझ्या शेजारी येऊन बसू लागली. "एर्माना," म्हणायची, म्हणजे भगिनी, आणि माझा हात हातात घेऊन सबंध सभाभर डोळे मिटून पुटपुटायची. घरून उकडलेले बटाटे आणायची, ते मी संपवले की तिला कोण आनंद! ह्यांच्या शेजारीही एक आजोबा बसू लागले. आमच्या गटातल्या बाकीच्यांकडे मात्र कुणी फारसं लक्ष देत नव्हतं. मला जरा अभिमानच वाटायला लागला. म्हटलं, आपल्या साध्या राहणीची छाप पडली आहे.

तिथल्या पाळकांची मुलगी इंग्रजीची शिक्षिका होती, ती आमची दुभाषी. तिने एक दिवस मला बाजूला घेतलं आणि लाजत लाजत सांगितलं, "टेकडीवरच्या बायकांनी तुमच्यासाठी उपास धरलाय."

"कशासाठी?"

"तुम्ही दोघं अजून प्रभूकडे आलेले नाही ना. हे बाकीचे तुम्हाला बरोबर घेऊन आलेत, म्हणजे आशा आहे, असं त्या म्हणतात."

माझा जो भडका उडाला! मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. माझे आजोबा ख्रिस्ती झाले म्हणून गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. माझ्या बाबांनी निम्म्या तालुक्याला बाराखडी आणि स्तोत्रं शिकवली. आणि मी इथे सुवार्ता सांगायला आले, तर माझ्याच उद्धारासाठी बटाटे! मी तशीच तरातरा ह्यांच्याकडे गेले. हे चुन्या-सिमेंटने माखलेले उभे होते.

"अहो, आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना!"

हे हातांवरचं सिमेंट झटकत राहिले. मग म्हणाले, "नको गं. उपास धरलाय बिचाऱ्यांनी. आता सांगितलं तर किती वाईट वाटेल त्यांना."

मी पुन्हा कामापुरतंही बोलायचं बंद केलं.

शेवटच्या संध्याकाळी मोठी सभा होती. चर्च भरून माणसं दारात उभी. तिथल्या पाळकांनी तळमळीने संदेश दिला आणि शेवटी आवाहन केलं, ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचं आहे त्यांनी उठून पुढे यावं. कीबोर्ड हळू वाजू लागला. कुणी उठेना. पाळकांनी पुन्हा हाक दिली. कीबोर्डवाल्याने तेच कडवं पुन्हा घेतलं. कुणी उठेना. टेकडीवरची माणसं आधीच प्रभूची होती, उठणार कोण? सगळे वळून आमच्याकडे बघत होते. पाळकांचे हात पसरलेले ते पसरलेलेच. म्हातारीने माझा हात असा दाबला की दोन बांगड्या पिचल्या.

मी नवऱ्याकडे पाहिलं. ती तोंडावरची कळा मी ओळखत होते. समोर कुणीतरी किटली घेऊन वाकलेलं होतं.

हे उठले.

टेकडी दणाणली. माणसं रडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. आमचे केरळचे पाळक पहिल्या बाकावर तोंड उघडं टाकून बसले होते, कारण ह्यांना ते बहरीनमध्ये कितीतरी वर्षं, बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणारं प्रभुभोजन देत आले होते. मी पदरात तोंड लपवलं. धरणी दुभंगावी म्हणतात, पण ती वाळू होती, तिला तेही जमलं नसतं.

तिथल्या पाळकांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. दुभाषी मुलीने ह्यांच्या तोंडाशी कान नेला. हे बोलायला लागले. बोलतच राहिले. इतकं लांबलचक मी ह्यांना कधी बोलताना पाहिलं नव्हतं. मग मुलीने माइकवर ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणि चर्चभर आधी हसू पसरलं, मग ते ओसरलं. शेवटी तिने आमच्या गटाकडे वळून, रोजच्या शिरस्त्याप्रमाणे, तेच इंग्रजीतून सांगितलं:

"हे बंधू म्हणतात, मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. कुणीच उठत नव्हतं आणि पाळकांचे हात दुखले असतील, म्हणून उठलो. क्षमा करा. पण आलोच आहे तर माझ्यासाठी एक मागा. मला माणसांची भीती वाटते. मला कुणाला नाही म्हणता येत नाही आणि कुणाकडे काही मागताही येत नाही. माझ्या सासऱ्यांची दृष्टी चालली आहे. माझ्या बायकोला त्यांच्याकडे न्यायची रजा मी भिडेने दुसऱ्याला देऊन टाकली. आता मला मालकांकडे पुन्हा रजा मागायची आहे. माझं तोंड उघडावं, म्हणून प्रार्थना करा."

दुसऱ्याला म्हणजे कुणाला, हे तिने विचारलं नाही. आमच्या पाळकांचे कान मात्र लाल झाले होते.

मग त्या सगळ्या टेकडीने, उपाशीपोटी, माहूजच्या एका अकाउंटंटच्या रजेसाठी प्रार्थना केली. म्हातारीने तर आकाशाकडे बोट दाखवून देवाला दम भरला असावा. मी हसत होते आणि रडत होते, आणि दोन्ही एकाच वेळी येत असल्यामुळे मला उचकी लागली. माझा राग तिथेच संपला. आपण भिडेपायी काय घालवलं ते ह्यांना ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं, ह्यांना काही समजतच नाही.

परतीच्या विमानात पाळकसाहेब मुद्दाम आमच्या रांगेपाशी आले. हळू आवाजात, म्हणजे अर्ध्या विमानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ब्रदर, तुम्ही मला नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"छे छे, तसं काही नाही," हे म्हणाले. मी ह्यांना कोपर मारलं. "म्हणजे, तसंच होतं," हे म्हणाले.

घरी आलो तर भाभींच्या दारातून आमची इंग्रजी बोलणारी मुलगी धावत आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कवा आयलाव? मी कदीची वाट बघतंय!" मी भाभींच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

पण मालकांकडे जायला हे काही धजेनात. आज पाहुणे होते. आज मालकांचा मूड नव्हता. आज मालकांनी इतकं प्रेमाने लिमाबद्दल विचारलं की मध्येच स्वतःचं कसं काढायचं? बाबांकडे फोन केला तर आईच बोलली. म्हणाली, आता पेपर वाचायचा सोडलाय त्यांनी. मी ह्यांना काही बोलले नाही. आईचं वाक्य तेवढं जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हे दुपारीच घरी आले. डोळे घुबडासारखे नव्हते.

"हलवली," हे म्हणाले.

"काय?"

"फिंजान. एक प्यालो आणि हलवली. तो ओतणारा माझ्याकडे बघतच राहिला. मालकही बघत राहिले. मग म्हटलं, आता इतकं वाईट दिसलंच आहे, तर मागूनच टाकावं. सगळं सांगितलं. नाताळात रजा द्या म्हटलं, बिनपगारी द्या."

"मग काय म्हणाले?"

"इंशाल्ला."

बहरीनमध्ये चार दिवस काढलेल्या माणसालाही ठाऊक असतं, की ऑफिसातल्या इंशाल्लाचा अर्थ हो होतो, बघू होतो, आणि विसरा असाही होतो.

"आणि तुम्ही तसेच उठून आलात?"

"नाही," हे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द ह्यांच्या तोंडून इतका स्वच्छ आला. "मी विचारलं, सर, हो वालं इंशाल्ला की नाही वालं? ते खो खो हसले. म्हणाले, हो वालं. खलास. इतकी वर्षं माझी एवढी कॉफी प्यालास, एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?"

निघायच्या आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे पार्सलवाले आले. हे दारात उभे राहून एकेकाला "जागा नाही" सांगत होते, घाम पुसत होते, आणि पुन्हा सांगत होते. सरतेशेवटी भाभी आल्या, रत्नागिरीला बहिणीकडे पाठवायचा कपड्यांचा गठ्ठा घेऊन. हे म्हणाले, "भाभी, जागा नाही हो." भाभींचं तोंड उतरलं. मला बघवेना. मी पुढे झाले, म्हटलं, "द्या इकडे," आणि आईसाठी घेतलेलं ब्लँकेट काढून गठ्ठा बसवला. हे माझ्याकडे असे काही बघत होते की मी नजर चुकवली.

आम्ही गावी पोचलो तेव्हा दुपार होती. आईने करंज्यांचं तळण चुलीवर तसंच टाकलं आणि धावत आली. बाबा पायरीवर बसले होते. वाळले होते. आवाजाच्या दिशेने मान वळली, पण डोळे दुसरीकडेच. मी त्यांच्यासमोर खाली बसले. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, इकडे केलं, तिकडे केलं, आपल्या डोळ्यांसमोर नेमक्या जागी आणलं आणि तसंच धरून ठेवलं. आई तोंडाला पदर लावून उभी. हे मुलीचा हात धरून उभे. शेजारच्या बाया कुंपणाशी गोळा झालेल्या.

बाबांनी मला बराच वेळ निरखलं. मग हात खाली घेतले.

"जाड झालीस," ते म्हणाले.

दिसत होतं. त्यांना अजून दिसत होतं.